कार्ड जिवंत, दुभाषी गेला

(परभणी येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

साउंड कार्डावर व्याख्यान कशाला, ते तर कॉम्प्युटर रिपेअरवाल्याचं काम, असं बऱ्याच जणांना वाटलं असेल. पण आपण पुस्तकाची समीक्षा करतो, नाटकाची करतो, मग यंत्राची का करू नये? यंत्रालाही विचारता येतं, की बाबा, तू काय द्यायचं कबूल केलं होतंस, दिलंस काय, आणि किती दिवस दिलंस. आज मला एका जुन्या साउंड कार्डाला आणि त्याच्या कंपनीला हे प्रश्न विचारायचे आहेत. नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर ते कार्ड चालतं का, चालत नसेल तर का नाही, आणि त्याचं आपल्या जिल्ह्याशी काय देणंघेणं, एवढाच विषय.

देणंघेण्यापासूनच सुरुवात करू. आपल्या पूर्णा तालुक्यातलं ताडकळस. तिथल्या गंगूबाई अंबोरे यांच्या जात्यावरच्या ओव्या आज जगात कुठंही बसून ऐकता येतात. हे आपोआप झालेलं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या दोघांनी १९८० च्या दशकात पुण्यातून ओव्या गोळा करायला सुरुवात केली. गावोगावच्या बायकांनी सांगितलेल्या, त्यांनी उतरवून घेतलेल्या ओव्यांचा आकडा एक लाखाच्या वर गेला. १९९० च्या दशकात बेर्नार बेल हे फ्रेंच संशोधक त्यांच्यासोबत आले आणि आवाजाचं ध्वनिमुद्रण पद्धतशीर होऊ लागलं, तेही डॅटवर. डॅट म्हणजे डिजिटल ऑडिओ टेप, सोनीनं १९८७ साली आणलेली. पॉइत्वाँ २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली. पुढं हा सगळा साठा पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाकडं आला आणि २०१७ पासून लोकांसमोर यायला लागला.

आता यातली मधली पायरी बघा. टेप ते फाइल. सोनीनं २००५ साली डॅटची यंत्रं बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे ध्वनिमुद्रण झाल्यावर दहा वर्षंही नीट सरली नाहीत, तोच ते वाजवणारं यंत्र दुर्मिळ व्हायला लागलं. तो साठा वाचला कारण त्यामागं माणसं होती, तांत्रिक जाण होती, आणि टेप वेळेत कॉम्प्युटरमध्ये उतरली.

सगळ्यांचं नशीब तसं नाही. आपल्याकडं घरोघरी, पत्र्याच्या डब्यात नाही तर कपाटाच्या वरच्या फळीवर, साध्या कॅसेटी पडून आहेत. आजीच्या ओव्या, कुणाच्या मामाचं भारूड, उरुसातली कव्वाली, लग्नातली गाणी. गंगाखेड म्हणजे जनाबाईंचं गाव. दळताना गाण्याची परंपरा आपण व्यासपीठावर अभिमानानं सांगतो, आणि आपल्याच घरातलं दळणाचं गाणं डब्यात चिकटून जातंय. त्या कॅसेटी उतरवायच्या म्हटलं की प्रश्न येतो, वायर कुठं लावायची?

नव्या लॅपटॉपला बहुधा एकच भोक असतं. हेडफोन आणि माइक दोन्ही त्यातच. त्याचा माइकचा रस्ता मोबाइलसारख्या हेडसेटसाठी केलेला असतो. माइकमधून येणारा विद्युतदाब काही मिलिव्होल्टचा. टेपरेकॉर्डरच्या लाइन आउटमधून येतो तो त्याच्या कितीतरी पट. तो तिथं घुसवला की आवाज फाटतो. टेपचा आवाज कमी करून वेळ मारून नेता येते, पण मग खरखर वर येते. आणि दुसरा घोळ याहून वाईट आहे. नव्या सिस्टिममध्ये माइकच्या आवाजावर ‘सुधारणा’ चालू असतात. मीटिंगमध्ये पंख्याचा आवाज जाऊ नये म्हणून एकसारखा चालणारा आवाज हुडकून दाबायचा, हे त्यांचं काम. आता तुम्हीच सांगा, जात्याची घरघर म्हणजे काय आहे? एकसारखा चालणारा आवाज! सॉफ्टवेअरच्या हिशेबी ते जातं म्हणजे बिघडलेला पंखा. ते दाबलं जातं आणि त्यासोबत बाईच्या आवाजाची शेवटची लांबवलेली ओढही कुरतडली जाते.

याउलट विसेक वर्षांपूर्वीच्या डेस्कटॉपच्या मागं बघा. तीन-चार रंगीत भोकं. गुलाबी माइकचं, हिरवं स्पीकरचं, आणि निळं लाइन-इनचं. कॅसेटसाठी हवं ते हे निळं. त्यातही वेगळं कार्ड बसवलेलं असेल तर उत्तम, कारण मदरबोर्डावरच्या स्वस्त चिपपेक्षा त्याचं काम बऱ्याचदा स्वच्छ असतं. आपल्याकडच्या हौशी मंडळींनी, डीजेवाल्यांनी, कॅसेट-सीडी करून देणाऱ्या दुकानदारांनी त्या काळात असली कार्डं घेतली होती. मी ज्याची समीक्षा करणार आहे ते त्यातलं गाजलेलं कार्ड, साउंड ब्लास्टर लाइव्ह.

क्रिएटिव्ह ही सिंगापूरची कंपनी, १९८१ साली सिम वाँग हू यांनी काढलेली. पहिलं साउंड ब्लास्टर १९८९ चं. त्याआधी सामान्य पीसीला बोलता येत नव्हतं, नुसती टूं-टूं करायचा. लाइव्ह आलं १९९८ साली. त्याचा मेंदू म्हणजे ईएमयू१०के१ नावाची चिप, आणि त्या काळाच्या मानानं ती खरोखर बहाद्दर होती. अनेक आवाज एकत्र करणं, त्यांना घुमारा देणं, हे सगळं ती स्वतः करायची, मुख्य प्रोसेसरला त्रास न देता.

पण तिच्यात एक खोड होती आणि ती जाहिरातीत ठळक नव्हती. ही चिप आतमध्ये सगळं काम सेकंदाला ४८,००० नमुन्यांनी करते. ऑडिओ सीडीचा दर ४४,१०० चा. म्हणजे कुणी पायलीनं ज्वारी आणली तर हा आडत्या आधी ती किलोत करून घेणार, आणि परत मागितली की पुन्हा पायलीत मोजून देणार. दर मोजणीला चार दाणे सांडतातच. म्हणून डॅटसारख्या डिजिटल टेपची नमुन्याला नमुना जुळणारी प्रत काढायची असेल तर मी हे कार्ड सुचवणार नाही. कॅसेटचं मात्र तसं नाही. कॅसेटला मुळात नमुनेच नसतात, ती सरळ लहर. तेव्हा रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दर ४८,००० ठेवला की मधली मोजणी होतच नाही, आणि कार्डाचा दोष आपल्या कामापुरता संपतो. यंत्राची समीक्षा करताना हे ध्यानात ठेवावं लागतं. ‘चांगलं की वाईट’ या प्रश्नाला ‘कशासाठी’ हे शेपूट लावल्याशिवाय उत्तर नसतं.

तर असं हे कार्ड. आजही धूळ झटकून लावलं तर बहुतेक वेळा चालू असतं. त्यात फिरणारा भाग नाही, झिजणारं फारसं काही नाही. आणि तरीही नवी विंडोज म्हणते, मला हे ओळखता येत नाही. का?

कार्ड आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यामध्ये एक दुभाषी असतो. त्याला आपण ड्रायव्हर म्हणतो. कार्डाची बोली त्याला येते आणि सिस्टिमचीही. विंडोज ९५-९८ च्या काळात दुभाष्यांची एक पद्धत होती, मग २०००-एक्सपीला दुसरी आली. २००७ साली व्हिस्टा आली आणि मायक्रोसॉफ्टनं आवाजाचं घर नव्यानं बांधलं. आवाजाचं बरंचसं काम सिस्टिमच्या गाभ्यातून बाहेर काढलं. खेळांमधला आवाज थेट कार्डाकडून प्रक्रिया करून घेण्याची जी वाट होती, ती बंद केली. त्याबरोबर ६४-बिट व्हिस्टामध्ये गाभ्यात जाणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरवर डिजिटल स्वाक्षरी सक्तीची झाली.

इथं मायक्रोसॉफ्टला सरसकट झोडपायचं मला पटत नाही. निळा पडदा येऊन मशीन बंद पडायचं, ते आठवतंय ना? त्यातला मोठा वाटा असल्याच वाईट लिहिलेल्या ड्रायव्हरांचा होता. गाभ्यात येणाऱ्यानं ओळख दाखवावी ही अट वाजवी आहे. घर नव्यानं बांधलं की जुन्या किल्ल्या लागत नाहीत, हेही समजण्यासारखं. पण मग नवी किल्ली कुणी करायची? ती करता येईल एवढी माहिती फक्त कार्डाच्या कंपनीकडं. आणि कंपनीनं लाइव्हसाठी व्हिस्टाचा ड्रायव्हर काढलाच नाही. त्यांचा हिशेब साधा होता, विकून झालेल्या कार्डावर पगार कशाला खर्चायचा, नवं कार्ड घ्या.

माझी खरी तक्रार याच्या पुढची आहे. २००८ च्या मार्चमधली गोष्ट. क्रिएटिव्हच्याच नंतरच्या ऑडिजी कार्डांचे व्हिस्टावरचे ड्रायव्हर अर्धवट होते, काही सोयी चालतच नव्हत्या. ब्राझीलमधल्या एका हौशी प्रोग्रामरनं कंपनीचेच ड्रायव्हर घेऊन दुरुस्त केले, बंद पडलेल्या सोयी चालू करून दाखवल्या आणि लोकांना दिले. कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यानं त्याला जाहीरपणे हे थांबवायला सांगितलं. आमची बौद्धिक संपदा वापरतोस आणि वर लोकांकडून देणग्या मागतोस, असा आरोप. कायद्यानं त्यात तथ्य असेलही. पण त्याच निवेदनात असंही होतं, की कुठल्या कार्डाला कुठली सोय द्यायची हा आमचा धंद्याचा निर्णय आहे. म्हणजे काय झालं? जे काम तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे असं गिऱ्हाईक समजून चाललं होतं, ते शक्य होतं. ते फक्त द्यायचं नव्हतं. गिऱ्हाइकांचा एवढा भडका उडाला की कंपनीला सूर नरम करावा लागला. पण त्या एका पत्रानं आमच्यासारख्या लोकांच्या मनातला एक भ्रम कायमचा गेला. ‘जुनं झालं’ हे वाक्य आता मी तपासून घेतो. काय जुनं झालं, धातू, चिप, की तुमची इच्छा?

आणि गंमत बघा. याच कंपनीनं १९९९ साली अगदी उलटं काम केलं होतं. लाइव्ह कार्डाच्या लिनक्स ड्रायव्हरचा मूळ कोड त्यांनी जीपीएल परवान्याखाली खुला केला. तेव्हा लिनक्सवर आवाज ऐकणारे मूठभर लोक. धंद्याच्या दृष्टीनं ती किरकोळ गोष्ट होती, कदाचित म्हणूनच दिली गेली. पण तो कोड मग लिनक्सच्या मंडळींच्या हातात आला, पुढं आल्सा नावाच्या आवाजाच्या व्यवस्थेत त्याचा नवा ड्रायव्हर झाला, आणि २०२३ मध्येसुद्धा त्यात भरपूर दुरुस्त्या झाल्या. पंचवीस वर्षांपूर्वीच्या कार्डासाठी! एकच कार्ड, एकच चिप. ज्या बाजूला दुभाष्याची विद्या खुली केली तिथं ते आजही बोलतं, ज्या बाजूला कुलपात ठेवली तिथं मुकं झालं.

मघाशी बेर्नार बेल यांचं नाव घेतलं. त्यांचंच दुसरं काम इथं आठवतं. १९८० च्या दशकात जिम किपेन हे संगीत-अभ्यासक लखनौ घराण्याचा तबला शिकत होते. कायद्याचा विस्तार कसा होतो, उस्ताद कुठला पलटा मान्य करतो आणि कुठला नाही, याचं व्याकरण मांडण्यासाठी बेल यांनी बोल प्रोसेसर नावाचा प्रोग्राम लिहिला, आधी अॅपल टूवर. मग तो मॅकिंटॉशवर आला. पुढं मॅकची जुनी सिस्टिमच संपली, आवाजाच्या ज्या जोडण्यांवर तो उभा होता त्या गेल्या. तरी तो आज नव्या मशीनवर चालतो, तिसऱ्या आवृत्तीत, कारण कोड खुला आहे आणि लिहिणाऱ्यासह काही माणसं त्यामागं लागून राहिली. ताडकळसच्या ओव्या मुद्रित करणारा आणि चाळीस वर्षांचा प्रोग्राम जिवंत ठेवणारा माणूस एकच असावा, यात मला तरी योगायोग दिसत नाही.

मराठीच्या बाबतीत तर हा आजार आवाजाआधी अक्षरांना झालाय. सी-डॅकचं जीस्ट कार्ड आठवतं का कुणाला? पीसीवर देवनागरी दिसावी म्हणून मशीनमध्ये खरंखुरं कार्ड बसवायचे. नंतर सॉफ्टवेअर आलं, प्रत्येकाचे फॉन्ट वेगळे. त्या काळातल्या स्मरणिका, दिवाळी अंक, शोधनिबंध यांच्या फाइली आज उघडल्या तर चिनी मंत्रासारखं दिसतं. (हशा) फाइल शाबूत असते, वाचणारा नसतो. पण अक्षरांना युनिकोड मिळालं, आवाजाच्या कॅसेटीला कुणी युनिकोड देणार नाही.

बरं, आता प्रत्यक्ष काय करायचं ते थोडक्यात. आधी मशीन. हे कार्ड पीसीआय खाचेत बसतं, आणि नव्या मदरबोर्डांवर ती खाच बहुधा नसते. खाच बदलून देणारे अडॅप्टर मिळतात, पण माझा आग्रह, जुनंच मशीन ठेवा आणि त्यावर नवी सिस्टिम घाला. डेबियनसारखं लिनक्स घातलं की कार्ड बहुतेक वेळा स्वतःच ओळखलं जातं, वेगळी सीडी शोधत हिंडावं लागत नाही. खात्री करायची तर टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा द्या, आकड्यांसह यादी मागितली तर ११०२:०००२ असा आकडा दिसेल. ११०२ म्हणजे क्रिएटिव्ह, ०००२ म्हणजे आपली चिप.

लोक अडकतात ते यापुढं. कार्ड ओळखलं गेलं पण आवाज नाही. पहिली शक्यता, मदरबोर्डावरची चिप पहिल्या नंबरावर बसलीय आणि आवाज तिकडं चाललाय. सेटिंगमध्ये कार्ड बदला, किंवा बायोसमध्ये जाऊन ती चिप बंदच करा. दुसरी शक्यता खास या कार्डाची. ‘आल्सामिक्सर’ उघडलं की पट्ट्यांची भली मोठी रांग दिसते, त्यात एक अॅनालॉग-डिजिटल आउटपुट जॅकचं बटण असतं. ते चालू राहिलं तर कार्ड डिजिटल आवाज बाहेर सोडतं आणि साध्या स्पीकरला काही कळत नाही. ते बंद करायचं. कितीतरी चांगली कार्डं या एका बटणापायी भंगारात गेली असतील. मग कॅप्चरच्या पानावर जाऊन लाइन निवडा, माइक बंद ठेवा, पातळी अशी ठेवा की सगळ्यात मोठा आवाजही टोकाला टेकणार नाही. फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये, दर ४८,०००. एमपी३ नंतर करा, वाटण्यासाठी.

विंडोजवरच करायचं असेल तर हौशी लोकांनी या चिपसाठी केलेला केएक्स नावाचा ड्रायव्हर आहे. काम कौतुकाचं आहे. पण कुठलाही ड्रायव्हर घालण्यासाठी कुणी तुम्हाला स्वाक्षरीची तपासणी बंद करा म्हणालं, तर ज्या मशीनवर बँकेचा व्यवहार होतो तिथं ते करू नका.

(श्रोत्यांतून प्रश्न: एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवीन यूएसबी यंत्र घेतलेलं परवडलं नाही का?)

परवडतं, आणि ज्याच्याकडं जुनं मशीनच नाही त्यानं तेच घ्यावं. फक्त घेताना दोन गोष्टी बघा. खरं लाइन-इन आहे का, कारण पेनड्राइव्हएवढी जी स्वस्त यंत्रं मिळतात त्यांत बहुधा नुसतं माइकचं भोक असतं, म्हणजे पुन्हा लॅपटॉपचाच रडगाणं. आणि ते यूएसबी ऑडिओच्या सर्वसामान्य मानकावर चालतं का, की कंपनीचा खास ड्रायव्हर मागतं. मानक सगळ्यांचं असतं, १९९८ पासून आहे, आणि त्यावर चालणारं यंत्र कुठल्याही सिस्टिमला जोडा, बोलतं. खास ड्रायव्हर मागणारं यंत्र कितीही भारी असलं तरी ते एका कंपनीच्या मर्जीवर आहे. एखाद्या शाळेनं, वाचनालयानं गावातल्या कॅसेटी उतरवायचं मनावर घेतलं तर खरेदीच्या कागदात ही अट घालून ठेवावी.

(प्रश्न: रेकॉर्डिंगमधला जात्याचा आवाज काढून टाकावा का? शब्द नीट कळत नाहीत.)

मूळ फाइलमधून अजिबात काढू नका. तिची वेगळी प्रत करा आणि त्या प्रतीवर काय सफाई करायची ती करा. फेऱ्याच्या लयीवर ओवीची ओळ बसते. बाई कुठं थांबली, कुठं हात बदलला, ते त्या घरघरीतूनच कळतं. गिरण्या आल्यावर मुद्रणासाठी नुसत्या बसून गायलेल्या ओव्याच जास्त. ज्या कॅसेटीत खरं जातं फिरतंय ती भाग्याची समजा. आणि फाइलच्या नावात गाव, बाईंचं नाव, साल घाला, आणि घरच्यांना विचारल्याशिवाय कुठं पाठवू नका.

(प्रश्न: आमच्याकडचं मशीन फार जुनं, ३२-बिटचं आहे. त्यावर चालेल?)

चालेल. डेबियनच्या २०२५ साली आलेल्या तेराव्या आवृत्तीनं ३२-बिट मशीनवर नव्यानं बसवायची सोय बंद केली, म्हणून बाराव्या आवृत्तीची घ्या. मशीन इंटरनेटला जोडू नका, त्याला फक्त कॅसेटच उतरवू द्या. फाइली पेनड्राइव्हवर काढून दोन ठिकाणी ठेवा. आणि बसवायच्या आधी पीसीआय खाच ब्रशनं साफ करून घ्या, आपल्याकडची धूळ तुम्हाला माहितीय. कार्ड दोन्ही टोकांना सारखं दाबून बसवायचं, एका बाजूनं रेटायचं नाही. कुणाला यायचं असेल तर मशीनचं झाकण काढून मागच्या टेबलावर ठेवलंय, हात लावून बघा.